हेल्युचा काळा घागरा

ताल्लिन शहराच्या जुन्या तटबंदीखाली लोकरीचं सामान विकणाऱ्या बायकांमध्ये हेल्यु लाओस अठरा उन्हाळे बसत होती. कमानीजवळची पहिली जागा तिची. बोटीवरचे प्रवासी चौकातून वळले की आधी तिच्याच स्वेटरांपाशी थांबत.

हेल्यु किह्नू बेटाची. तिथे पुरुष समुद्रावर असायचे, त्यामुळे शेत, गुरं, मोटारसायकल, भांडणं, सगळं बायकांनीच सांभाळलेलं. हिवाळाभर विणायचं आणि मे महिन्यात गाठोडी घेऊन शहरात लेकीकडे यायचं, हा तिचा नेम. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे खलाशांचे स्वेटर ती विणी, आणि खालच्या काठाला लाल किनार न चुकता घाली. समुद्रावर माणसाला काही वाईट बाधू नये म्हणून ती किनार. समोरच्या दुकानात तसेच दिसणारे यंत्रावरचे स्वेटर टांगलेले असत. कुणी भाव करू लागलं की हेल्यु त्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणे, "तिकडे जा. तो थंडीला पुरेल, वादळाला नाही."

तिच्या अंगावर नेहमी उभ्या पट्ट्यांचा लोकरी घागरा असे. बेटावरच्या बाईचा घागरा बघितला की तिच्या घरात काय चाललंय ते कळतं. सुखाचे दिवस असले की लाल. घरचं माणूस गेलं की काळा. मग दिवस सरतील तशी नव्या घागऱ्यात एकेक लाल पट्टी परत येते. किती दिवसांनी, ते जिचं तिनं ठरवायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये तिचा नवरा एंडेल गेला. मेमध्ये हेल्यु काळा घागरा घालून कमानीजवळ येऊन बसली.

जूनच्या सुरुवातीला मेरिके आली. बाजाराची व्यवस्था आता एका कंपनीकडे होती आणि मेरिके तिची माणूस. पोरगी वाईट नव्हती. हेल्युकडून हातमोजे घ्यायची, तेही भाव न करता.

"मावशी, शनिवारी फोटोवाला येतोय. नवी पोस्टरं करायची आहेत. पहिल्या जागेवर रंग हवा म्हणतात वरचे. तुमचा तो लाल घागरा घालाल ना?"

"नाही घालणार."

"एकाच दिवसाचा प्रश्न आहे हो."

"नवरा एका दिवसापुरता गेला नाहीये माझा."

मेरिकेचा चेहरा पडला. "मला कळतं, मावशी. पण मग पहिली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तुम्हाला मागे, वळणावर. मी नाही ठरवत हे."

वळणावर म्हणजे पन्हळीच्या नळाखाली. तिथे ऊन येत नसे, आणि गिऱ्हाईक तिथवर पोचेतो त्याची पिशवी भरलेली असे. पुढच्या हिवाळ्याचं सरपण, लोकर, सगळं या तीन महिन्यांच्या विक्रीवर होतं. लेकीनं रात्री ट्रंकेतून लाल घागरा काढला, त्याला इस्त्री केली आणि आईच्या खुर्चीवर ठेवला. हेल्युनं सकाळी तो घडी घालून परत ट्रंकेत ठेवला.

शनिवारी मेरिके येण्याआधीच हेल्युनं आपलं फळकूट उचललं, स्वेटर खांद्यावर टाकले आणि स्वतःच वळणावर जाऊन मांडामांड केली. शेजारची हातमोजेवाली आस्ता कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? अठरा वर्षं मी तुझ्या शेजारी बसून तुझ्या उरलेल्या गिऱ्हाइकांवर जगले. आता मी काय करू?"

"आता पहिल्यांदा तुझी स्वतःची मिळतील."

"एक दिवस घातला असतास लाल, तर एंडेलला काय कळणार होतं?"

"त्याला लाल काय अन् निळं काय, जिवंतपणीही कळलं नाही." हेल्यु हसली. "पण ती पोस्टरं आमच्या बेटाच्या बोटीच्या धक्क्यावर लागतात. उतरणारी प्रत्येक बाई आधी माझा घागरा बघेल आणि म्हणेल, तीन महिने नाही झाले आणि हिचे सुखाचे दिवस आले."

"म्हणू देत की! गावाला घाबरणारी तू कधीपासून?"

हेल्युनं स्वेटरची बाही सरळ केली. "गावाला नाही गं. तसं म्हणणारी पहिली बाई मीच असेन."

दुपारी आस्तानं आपली शेगडी, काळा पाव आणि धुरावलेले मासे उचलून जेवायला वळणावर आणले. "तिकडे उन्हात मासा खराब होतो," एवढंच म्हणाली.

तो उन्हाळा वाईट गेला. स्वेटर अर्धेअधिक उरले. हिवाळ्यात हेल्युनं बेटावरची दुसरी खोली बंद ठेवली, चुलीशीच झोपली आणि घागऱ्याचं कापड विणायचा माग चुलीशेजारी ओढून घेतला.

पुढच्या मेमध्ये ती पुन्हा आली आणि थेट वळणावर जाऊन बसली. मेरिके धावतच आली.

"मावशी, पहिली जागा रिकामी आहे! तुमच्या जागी बसवलेला तो अंबरच्या माळा विकणारा टिकलाच नाही. गेल्या वर्षीचे लोक विचारतात, काळ्या घागऱ्याची बाई कुठे आहे म्हणून." आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. नव्या घागऱ्याच्या काळ्या-निळ्या पट्ट्यांत एक लाल रेघ होती, लोकरीच्या दोन धाग्यांएवढी. मेरिकेचे डोळे चमकले. "अय्या, लाल! फोटोवाल्याला बोलावू?"

"बोलव. पण अख्ख्या घागऱ्याचा फोटो काढायला सांग. नुसती रेघ काढली तर त्याचा कॅमेरा नळाखाली धरीन."

"आणि जागा? पुढे येताय ना?"

हेल्युनं फळकुटाखाली दगड सरकवला, ते डुगडुगतंय का बघितलं आणि पहिला स्वेटर लाल किनार वर येईल असा मांडला.

"मला उठवलंत तेव्हा मी उठले. आता मी बसलेय," ती म्हणाली. "ज्यांना घ्यायचंय त्यांना पाय आहेत."