न आवळलेल्या नटांवरचं कुंकू

ही गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवळात एकटी बसले असताना देवालाही नाही. देवाला ठाऊकच आहे, त्याला काय सांगायचं, असं स्वतःला म्हणायची. खरं तर ते शब्द स्वतःच्याच कानांनी ऐकायची भीती होती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी गाडीचं सांगते. ते सोपं आहे.

घाटकोपरला आमचा गाळा होता, जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. माझा नवरा आणि पीटर, दोघं मिळून चालवायचे. पीटर मनोरीचा. आठवडाभर गाळ्यातच झोपायचा आणि शनिवारी मार्व्याहून तरीनं खाडी ओलांडून घरी जायचा. मला वहिनी म्हणायचा. माझी मुलगी वैशाली त्याला पीटरमामा म्हणायची. एका पारशीणबाईनं स्वातंत्र्याआधीची एक अमेरिकन गाडी भंगारात काढली, ती ह्या दोघांनी दोरीनं ओढत गाळ्यात आणली. इंजिन आठ सिलिंडरचं, साइडव्हॉल्व. म्हणजे व्हॉल्व वरच्या डोक्यात नसतात, खाली बाजूला असतात, आणि वर नुसतं चपटं झाकण, पाटासारखं. त्यावर पीटरनं सुपरचार्जर बसवला. इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंप तो. तो लागल्यावर ती म्हातारी गाडी जी पळायला लागली! मुलुंडच्या टोलनाक्यापुढे नव्या गाड्यांतली पोरं हसत बाजूला यायची, आणि मग मागे पडायची.

घाटापलीकडे एक जुनी धावपट्टी होती, विमानं कधीच बंद झालेली. तिथे वर्षातून एकदा शर्यत लागायची. दोन-दोन गाड्या, सरळ पाव मैल, जो आधी पोचेल तो जिंकला. बाकीचे लोक गाड्या ट्रकवर चढवून आणायचे. आमची स्वतःच्या चाकांवर जायची, ह्याचा माझ्या नवऱ्याला फार तोरा. गाडी चालवायची वैशाली. चोविशीतली पोर, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की तिचा चेहरा बदलायचा.

आणि मी? मी सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची. व्हॉल्व घासायची. काठीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती व्हॉल्वला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवायची, ताक घुसळल्यासारखी. व्हॉल्व आपल्या जागी असा बसला पाहिजे की पाण्याचा थेंब खाली जाता कामा नये. त्या गाडीचे सगळेच्या सगळे व्हॉल्व मी घासले होते. पीटर म्हणायचा, वहिनीच्या हाताचा व्हॉल्व गळत नाही. हे तुम्हाला का सांगते? सहानुभूतीसाठी नाही. मला इंजिन कळत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून. मी जे केलं ते अडाणीपणानं केलं नाही.

आता कुंकवाचं.

त्या चपट्या झाकणाला दोन्ही बाजूंना नटच नट. ते एकदा आवळून भागत नाही. इंजिन तापवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग प्रत्येक नट पुन्हा आवळायचा, मधून सुरुवात करून कडेकडेला जायचं. खालचं पॅकिंग तापलं की दबतं, नट सैल पडतात. साध्या चालीत कळतही नाही. पण सुपरचार्जरनं हवा कोंबायला सुरुवात केली की पॅकिंग उडालंच. एवढे नट, त्यात कोणता झाला आणि कोणता राहिला, माणूस चुकतो. एका दसऱ्याला मी इंजिनाची पूजा करत होते आणि पीटर आवळत होता. तो आवळेल त्या नटावर मी कुंकू लावत गेले. त्याला ते पटलं. तेव्हापासून आमच्या गाळ्यात तोच नियम झाला. तो नट आवळणार, ‘झालं’ म्हणणार, मी टिकली लावणार. टिकली नाही तो नट राहिलेला. धावपट्टीवर लोक हसायचे, आंटी, इंजिनाचं लग्न लावताय का? लावतेय की, म्हणायची मी. माझं कुंकू म्हणजे पीटरचा शब्द होता.

त्या सकाळी—

थांबा. त्याच्या आधीचं एक राहिलं.

एकदा मी नवऱ्याला म्हटलं होतं, मला चालवायला शिकवा. वैशाली तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. गाळ्यात चहा प्यायला आलेली माणसं बसली होती. तो म्हणाला, “तू कुंकू लाव गो. चाक तुझ्या हातात दिलं तर घाटकोपरात माणूस उरायचा नाय.” सगळे हसले. मीही हसले. पुढे त्यानंच वैशालीला मांडीवर बसवून शिकवलं. मी त्या दिवशीही व्हॉल्व घासत होते.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीवर एक कॅमेरावाला पोरगा आला. मुलगी चालवणार म्हणून त्याला फार कौतुक. वैशाली त्याला सांगत होती की ही गाडी बाबांनी आणि पीटरमामानं उभी केली, मला त्या दोघांनी घडवलं. त्यानं विचारलं, आणि आई? ती हसली. म्हणाली, “आई पूजा करते.”

वाईट मनानं नाही म्हणाली. लाडानंच म्हणाली. मी चार पावलांवर करंडा घेऊन उभी होते.

रात्रभर इंजिन थंड झालं होतं. पीटर आवळायला बसला. एक बाजू पुरी झाली. दुसऱ्या बाजूचे मधले थोडे झाले, तेवढ्यात वैशालीनं मागून हाक मारली, मागच्या चाकाचं काहीतरी बघायला. पीटर उठला. मला म्हणाला, “वहिनी, इथवर झालं.” आणि बोटानं दाखवून गेला.

मी उरलेल्या सगळ्या नटांना टिकल्या लावल्या.

एवढंच. घाई केली नाही. एकेक नट, एकेक टिकली, शेवटपर्यंत. मग करंड्याचं झाकण लावलं. पीटर परत आला, पाना उचलला आणि इंजिनाकडे बघत राहिला. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली. मग माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या काचेवरची धूळ पुसत होते. त्यानं पाना खाली ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यानं माझ्या कुंकवावर विश्वास ठेवला.

तुम्ही म्हणाल, आईचा जीव, पोरीच्या काळजीनं केलं असेल. गाडी वेग घेण्याआधीच थांबावी, पोरगी सुखरूप राहावी. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगितलं. ते खोटं आहे. काळजी असती तर मी तिला बसूच दिलं नसतं, रस्त्यात आडवी पडले असते. मला ती हरायला हवी होती. सगळ्यांसमोर, त्या कॅमेऱ्यासमोर. त्या तिघांच्या हातातलं ते काहीतरी एकदा तरी फसायला हवं होतं. स्वतःच्या पोरीवर जळले मी. दुसरा शब्द नाही त्याला.

वाटलं होतं गाडी फुसफुसेल आणि मधेच थांबेल. निम्मं अंतर गेलं नाही तोच झाकणाखालून वाफेचा पांढरा लोट निघाला. वैशालीला समोरचं काही दिसेना, आणि उकळतं पाणी मागच्या चाकाखाली आलं. गाडी गर्रकन फिरली आणि कडेला रचलेल्या टायरांवर आदळली. ती शुद्धीवर होती. डावा खांदा मोडला तिचा. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

तिला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाळ्यात नवऱ्यानं झाकण उघडायला घेतलं. एका बाजूचे कडेचे नट हातानं फिरत होते, आणि प्रत्येकावर टिकली. त्यानं पीटरला विचारलं. पीटर म्हणाला, माझं अर्धवट राहिलं होतं बहुतेक, पण टिकल्या सगळ्यांवर होत्या. नवरा म्हणाला, तू ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती लावत नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं,

“हा ‘झालं’ म्हणाला होता ना?”

मी म्हटलं, “हो.”

त्या टिकल्या लावल्या ते एक पाप असेल, तर हे दुसरं. आणि दुसरं मोठं आहे, कारण तेव्हा माझी पोर दवाखान्यात पडलेली होती आणि माझा राग केव्हाच उतरला होता. तेव्हा तर मला कुणी चिडवलं नव्हतं. समोर फक्त पीटर उभा होता आणि मी भ्याले.

पीटरनं वाद घातला नाही. मान हलवली. म्हणाला, “वहिनी म्हणते म्हणजे म्हणालो असेन.” आपल्या हातांकडे बघितलं. नवऱ्यानं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. फक्त म्हणाला, “हात थकले तुझे, पीटर.” त्या शनिवारी पीटर मनोरीला गेला तो परत आला नाही. पान्यांची पेटी गाळ्यातच राहिली.

मी एकदा गेले होते त्याच्याकडे. सांगायचंच ठरवून. मार्व्याहून तरीत बसले. त्याच्या बायकोनं जेवायला बसवलं, बोंबलाचं कालवण केलं होतं. ती सांगत होती, हा आता कशालाच हात लावत नाही, नळ गळला तरी पोराला बोलावतो, म्हणतो माझ्या हातानं आवळलेलं टिकत नाही. पीटर ऐकून हसला. मला विचारलं, पोरीचा हात कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. जेवले, हात धुतले आणि परत आले.

पीटर वारला त्याला पाच-सहा वर्षं झाली. माझा नवरा त्याच्या नंतर गेला. पीटरनं पोरीचा हात मोडला, हेच मनात धरून गेला.

आता अलीकडचं, आणि मग संपलं.

वैशालीनं ती गाडी पुन्हा काढली आहे. मुलुंडला असते ती, दर रविवारी गाळा उघडते. गेल्या महिन्यात मला घेऊन गेली. नवं पॅकिंग टाकलं होतं, इंजिन तापवून थंड केलं होतं. ती पाना घेऊन बसली आणि करंडा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मी विधवा बाई, माझ्या हातचं कुंकू कशाला? म्हणाली, “मी असलं काही मानत नाही गं. तूच लाव. तुझ्यावर भरवसा आहे.” एका हातानं जोर कमी पडतो, म्हणून ती पान्यावर गुडघा टेकवून आवळत होती. प्रत्येक नट दोनदा तपासायची, मग ‘झालं’ म्हणायची. मी विचारलं, इतकं कशाला तपासतेस?

“पीटरमामासारखं नको व्हायला,” ती म्हणाली.

गाळ्यात आम्ही दोघीच होतो. ती पुढच्या नटाकडे वळली, आवळला, दोनदा तपासला.

“आई, झालं.”

मी कुंकवात बोट बुडवलं आणि टिकली लावली.