घमेल्यातलं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि त्यात दुष्काळ. नव्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अकराला माझी मुलाखत होती आणि औसा रस्त्यावर सायकल पंक्चर झाली.

कडुलिंबाखालचा पंक्चरवाला डोळे मिटून, फुगवलेली ट्यूब गालाजवळून फिरवत भोक हुडकत बसला. शेजारीच घमेलंभर पाणी होतं.

"मामा, पाण्यात बुडवा की! नोकरी जाईल माझी," मी ओरडलो.

"बुडवली की पाण्याला रबराचा वास येतंय. मग जनावर तोंड लावत न्हाई." त्यानं पायाशी पडलेल्या तीन पायांच्या कुत्र्याकडं हनुवटी केली. "ह्याला कोरड्या हिरीतून काढलं. तवापासून कोणतं बी जनावर जीभ काढून चाललं की ह्याचंच तोंड दिसतंय."

तेवढ्यात एक भाकड गाय घमेल्याकडं आली. मी हाकलायला हात उगारला, तर कुत्रं माझ्यावरच गुरगुरलं. गाय सावकाश प्याली.

"घावलं," गालावर बोट ठेवून तो म्हणाला.

मी वेळेत पोचलो. नोकरीही लागली.

त्या दिवशी सायकलच्या हँडलला माझा फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा तांब्या लटकत होता, काठोकाठ भरलेला. त्यानं एकदाही तिकडं पाहिलं नाही. मीही नाही.