सेल्वमच्या शेडमधले पोचे

गाडीतली जुनी मॅट उचलली की खाली गंज सापडतो. सेल्वमच्या शेडमध्ये चहाला बसलं की तसेच किस्से सापडतात. राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं टिंकरिंगचं काम. म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा. आमच्या गल्ल्यांत जुन्या अँबॅसडर दोनच. माझी हिरवी आणि माझा शाळासोबती रामोजी, त्याची पांढरी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला मिरवायला, म्हणजे आमच्याकडच्या जानवासाला, सगळे त्याचीच नेतात. माझी कुणी मागत नाही. जळतो मी. लपवत नाही.

*

एकदा चारचौघांत मी खिशातून लोहचुंबक काढला. "याच्या गाडीत निम्मी पुट्टी आहे, बघा."

चुंबक बंपरपासून टपापर्यंत घट्ट चिकटला. रामोजी म्हणाला, "आता तुझ्या गाडीला लाव की."

लावला. पडला. दुसरीकडे लावला, तिथेही पडला.

"अय्या," सेल्वम त्याच्या तमिळ आदबीने मला म्हणाला, "लोखंड कुठे आहे ते मला विचारा. बॉनेटवर, डावीकडे."

*

रामोजीच्या मडगार्डला पोचा पडला. गाडी शेडमध्ये ठेवून तो मुलीकडे ओरत्तनाडूला गेला. मी सेल्वमला खोटाच निरोप दिला, "लिंबाएवढा पोचा राहू दे म्हणतो, दृष्टीला."

म्हटलं, आता जुंपेल दोघांची. रामोजी आला, पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ठेवलास ते बरं केलंस. दृष्ट लावणारा रोज इथे चहाला येतो."

हल्ली स्कूटरवालेसुद्धा एक पोचा मागून ठेवतात!

*

त्याचा बंपर आरशासारखा. गुपित विचारलं तर म्हणे, "चिंच." मी घरातला चिंचेचा कोळ पळवून माझ्या बंपरला चोळला. बायकोने त्यात गूळ घातलेला. सकाळी बंपर मुंग्यांनी काळा.

बायको म्हणाली, "चला, कुणीतरी आलं तुमच्या गाडीजवळ."

*

माझं दार रंगवायचं होतं. सेल्वमने रंगाचा नमुना मागितला. मी परसातलं विड्याचं ताजं पान नेऊन दिलं. "अगदी हाच रंग."

त्याला चार दिवस सवड झाली नाही. पाचव्या दिवशी त्याने पान समोर ठेवून तंतोतंत रंग मिसळला. पिवळा.

"तुम्हीच म्हणालात, अय्या. अगदी हाच."

*

नातीचं लग्न ठरलं. म्हटलं, या जानवासाला तरी माझी गाडी. तर बायकोने आधीच रामोजीला सांगून ठेवलेलं! दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही.

जानवासाच्या दुपारी रामोजी चालत आला आणि मला म्हणाला, "सुंदरा, मागे घेताना डिकी खांबाला लागली. पत्रा वाकलाय. असली गाडी नवरदेवाला नको. तुझी काढ."

काढली. पुढे नादस्वरम वाजवणारे, मागे नवरदेवाला घेऊन मी, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. प्रत्येक ओट्याकडे मान वळवून बघितलं. ओट्यांवर कुणी नव्हतं. सगळे रामोजीच्या दारात, डिकीभोवती. "अरेरे, एवढी चांगली गाडी."

लग्न झाल्यावर ती डिकी शेडमध्ये आली. मी होतोच तिथे. सेल्वमने तिच्यावर तळहात फिरवला आणि थांबला.

"अय्या, खांब लागला तर पत्रा आत जातो. हा आतून बाहेर आलाय."

रामोजी चहा फुंकत म्हणाला, "तू हातोडा चालव. तोंड नको."