खंडेनवमीचा फोटो

आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये रोबोट आला तेव्हा आम्ही हातातला चहा ठेवून बघायला पळालो. हातपाय, डोकं असं काहीतरी असेल अशी समजूत. खोक्यातून निघाला एक पिवळा दांडा, कोपरात वाकणारा, पुढं वेल्डिंगची टॉर्च बांधलेली. "हात्तिच्या! एवढंच व्हय?" म्हणत सगळे चहाकडं परतले. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिरूरजवळच्या एमआयडीसीत आमची कंपनी मोटारसायकलच्या चेसिस बनवायची. मी दौंडला आयटीआय केलेला वेल्डर, न्हावऱ्याहून एसटीनं ये-जा करणारा.

रोबोटला काहीच येत नव्हतं. त्याला शिकवावं लागतं हे आम्हाला तेव्हा कळलं. साहेब म्हणाले, "तुझा हात सगळ्यात साफ, तूच शिकव." बटणांचा एक डबा हातात धरायचा, टॉर्च हवी तिथं न्यायची, बटण दाबायचं, मग पुढची जागा. लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं. दिवसभर तेच. त्याचा जोड दिसायला झकास यायचा, पण शेवटाला चीर जायची. मला एक सवय होती. जोड संपला की हात उचलायच्या आधी टॉर्च जराशी मागं वळवायची, म्हणजे शेवटचा खड्डा भरून निघतो. कुणी शिकवलेलं नव्हतं, हाताला आपोआप पडलेलं वळण. ते मी रोबोटमध्ये घातलं आणि चिरा बंद झाल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरात मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तू आता सुपरवायझर. निळा शर्ट गेला, पांढरा आला. पांढऱ्या शर्टवाल्याला युनियनमध्ये राहता येत नाही, म्हणून युनियनही सुटली. काम मात्र होतं तेच. टॉर्च साफ करायची, तार बदलायची, रोबोट अडला की चालू करायचा. मी आळीत पेढे वाटले. आजूबाजूचे जुने वेल्डर व्हीआरएस घेऊन एकेक करत घरी गेले. त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली, बहुतेक बिहारची. ती सुटे भाग लावायची आणि काढायची, बाकी सगळं रोबोट करायचा.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं मशीन धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घालायचे. खात्याचे साहेब जोडीनं पूजा करायचे, मग प्रत्येकाच्या हातात मिठाईचा बॉक्स द्यायचे. आम्ही कामगार रांगेत उभे राहून घ्यायचो. आम्ही बौद्ध, घरात पूजाअर्चा नाही. मी आपलं मशीन लखलखीत पुसायचो आणि बॉक्स घेऊन एसटी पकडायचो. त्या वर्षी साहेब म्हणाले, "यंदा तुम्ही दोघं बसा पूजेला."

"साहेब, आमच्यात पूजा नसती."

"मग नारळ मी फोडतो. मिठाई तरी तुम्ही वाटा, वहिनींना घेऊन या."

एवढा मान कोण सोडतो हो? बायको नवी साडी नेसून आली. माळ घातलेला रोबोट, त्याच्या बाजूला आम्ही दोघं, माझ्या हातात बॉक्स, समोर ठेकेदाराची माणसं. फोटोवाल्यानं फोटो काढला. बायकोनं त्याला फ्रेम केली आणि बाहेरच्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो दाखवायची.

पुढं कंपनीनं आणखी रोबोट आणले. त्यांना शिकवायची गरज पडली नाही. पहिल्याला शिकवलेलं सगळं त्यांच्यात जसंच्या तसं भरलं, माझ्या वळणासकट. एका सकाळी गेटवरच्या वॉचमननं माझं कार्ड काढून घेतलं. म्हणाला, "दादा, आत सोडू नको म्हणून सांगितलंय." खाली मान घालून म्हणाला बिचारा. मी उलट्या पावली एसटीला गेलो.

पुण्यात कामगार न्यायालयात केस टाकली. वकीलबाईंनी समजावून सांगितलं. कामगाराला असं उठून काढता येत नाही, त्याला कायदा आहे. पण आधी तुम्ही कामगार आहात हे सिद्ध करावं लागेल, कारण कंपनी म्हणते तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला हा कायदाच लागू नाही.

"शर्टाचा रंग सोडा," त्या म्हणाल्या. "हाताखाली माणसं होती का?"

"न्हाई हो. रोबोट होता."

त्या हसल्या. "रोबोट चालतो. रोबोट म्हणजे माणूस नाही. तुम्ही नुसतं मशीन चालवत होता एवढं दाखवा, नोकरी परत मिळेल."

दाखवायचं कशानं? कंपनीच्या कागदावर सगळीकडं सुपरवायझर. मग मी भिंतीवरचा फोटो काढून नेला. हे बघा, हा मी आणि हे माझं मशीन. मला त्या फोटोत रोबोटच दिसत होता. वकीलबाईंनाही तेच दिसलं. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये मिठाई कोण वाटतं, हे त्यांना काय ठाऊक?

कंपनीच्या वकिलाला ठाऊक होतं. त्यानं फोटो हातात धरला आणि अगदी गोडीत विचारलं, "खंडेनवमीला मिठाई कोण वाटतं?"

"साहेब."

"दरवर्षी?"

"व्हय, दरवर्षी. साहेबच वाटतात."

"कामगार कधी वाटतो?"

"न्हाई. कामगार रांगेत असतो."

"या फोटोत कोण वाटतंय?"

मागच्या बाकावर बायको बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. "मी," म्हणालो.

निकाल यायला बराच काळ गेला. यांच्या हाताखाली माणसं होती, हे कामगार नव्हेत, केस इथं चालत नाही. वकीलबाई वरच्या कोर्टाचं काहीतरी बोलत होत्या, मी मान हलवत होतो. राग यायला पाहिजे होता. आला नाही. रडूही आलं नाही. दात काढताना गाल बधिर होतो, तसा मी सगळाच झालो होतो. कोरेगाव भीमाला गाडी थांबली तेव्हा बायकोनं विचारलं, "भजी घ्यू का?" मी घे म्हणालो. भजी गरम होती की गार, आठवत नाही. फोटो कोर्टातच राहिला. त्या जागी भिंतीवर खिळा तेवढा आहे.

नंतर फाट्यावर टपरी टाकली. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्या, नांगराचे फाळ, येईल ते काम. जुने कुणी भेटले की "काय सायेब!" म्हणून चिडवतात. चिडायचं काय त्यात, मी चहा सांगतो.

मध्ये एक दिवस वडगावचे एक आप्पा मोटारसायकल घेऊन आले. चेसिसची पट्टी तुटली होती. ऊस वाहिला असणार तिच्यावर. मी ब्रश मारून रंग काढला. तुटलेल्या जागेच्या वर कंपनीचा जोड होता, धड होता. शेवटाला टॉर्च जराशी मागं वळल्याची खूण. मी दोन बोटं त्यावरून फिरवली. काही वाटेल म्हणून थांबलो. काही वाटलं नाही. मग काच डोळ्यांवर घेतली आणि खालची पट्टी जोडली.

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि निरखून बघत राहिले.

"आयला, कंपनीचं कुठलं आन् तुमचं कुठलं, काय कळंना की."

"वरचं कंपनीचं," मी म्हणालो.