आत्याचं व्याज

आमच्या घरी वरणाला नावं ठेवायची हिंमत एकाच माणसात होती, आणि ते माणूस आमच्या घरात राहत नव्हतं. बाबांची चुलत बहीण, आमची आत्या. अमरावतीकडच्या मालेगावपासून जवळच्या एका खेड्यात ती एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. महिन्याच्या पहिल्या बाजाराला ऑटोत दाटीवाटीनं बसून मालेगावला यायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या उतरल्या ओरडायची, "वयनी, व्याज घ्यायले आली वं!"

गल्लीतल्या शेवटच्या घरालाही कळावं, असा तो आवाज. मी एका खाजगी कॉलेजात हिशेबनीस. दिवसभर लोकांची देणी-घेणी चोख ठेवायची आणि आपल्याच दारात कुणी व्याजासाठी आरोळी ठोकायची, हे मला फार लागायचं. शेजारी काय म्हणत असतील, या विचारानं मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा घरी यायचो.

आत्या मात्र पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात. पिशवीतून अंबाडीची भाजी निघायची, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. मग जेवायला बसायची आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायची.

"मीठ फुकट भेटते काय वं वयनी तुमच्या मालेगावात? हे वरण आहे का लोणचं?"

आई हसायची आणि आणखी एक पळी वाढायची. आत्या तेही संपवायची. जेवण झालं की आई तिच्या हातावर तीन हजार रुपये ठेवायची. आत्या ते पुन्हा मोजून घ्यायची, पदराच्या गाठीत बांधायची, माझ्या मुलीला खाऊसाठी एक नोट द्यायची आणि निघताना मला बजावायची, "व्याज थकवजो नको लेका. तुह्या बापानं कधी थकवलं नाई."

हे व्याज म्हणजे बाबांनी मागे ठेवलेलं कर्ज. आत्याचा नवरा गेला तेव्हा तिच्या वाट्याचं वावर दिरानं घेतलं आणि तिला दीड लाख रुपये दिले. ते बाबांनी तिच्याकडून उसने घेतले, शेकडा दोननं. शंभराला महिन्याला दोन रुपये. मी तेव्हा अमरावतीला शिकत होतो. घराच्या स्लॅबसाठी घेतले, एवढंच माझ्या कानावर आलेलं. बाबा गेले, त्यांच्यानंतर व्याज माझ्या पगारातून जाऊ लागलं. मुद्दल जिथल्या तिथं. तहसीलात जन्म काढलेल्या माणसाला वर्षाला शेकडा चोवीस पडतात एवढंही कळू नये, याचा मला संताप यायचा. गेलेल्या बापाला मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होतो, हे आज लिहितानाही शरम वाटते.

अशात कार्डवाल्या बँकेतून एका मुलीचा फोन आला. माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा नुसती पडून आहे, म्हणाली. त्यातून चेक काढून मिळेल, तुम्ही सांगाल त्याच्या नावानं. कुठलं महागडं कर्ज असेल तर फेडून टाका; पहिले सहा महिने व्याज अगदी नाममात्र, नंतर नेहमीचं. मी कागद काढला आणि आकडेमोड केली. कॉलेजकडून पगाराची थकबाकी यायची होतीच. ती आली की सहा महिन्यांच्या आत कार्डाचे पैसे भरून मोकळा. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, पण वाचणारे पैसे आपल्या खिशात. आपण बापापेक्षा हुशार निघालो, या आनंदात मी रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"कायले फेडतं?" ती म्हणाली. "चालू दे ना तिचं."

"चोवीस टक्के, आई! इतकं तर सावकारही घेत नाही आता."

"तुह्या बाबाले हिशोब येत नव्हता काय?"

"नव्हताच येत," मी म्हणालो.

आई पुढे काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं पुढे मी बरेच दिवस म्हणत राहिलो, पण खरं म्हणजे मीच विचारायला हवं होतं.

चेक आला. आत्याच्या नावाचा, दीड लाखाचा. पुढच्या बाजाराला मी सुट्टी टाकून घरी थांबलो, पेढे आणले. आत्या नेहमीसारखीच ओरडत आली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि चेक हातात दिला. तिनं तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

"हे काय आहे?"

"तुझं मुद्दल, आत्या. सगळं. खात्यात भरला की झालं."

"म्हंजे आता माहं काई राह्यलं नाई तुमच्याकडं?"

"काहीच नाही! पूर्ण फिटलं."

मी हसत होतो. माझा तो चेहरा आठवला की मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते. आत्यानं चेकची घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली. पेढा अर्धाच खाल्ला. जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि आईकडे न बघता म्हणाली, "चांगलं झालं वयनी, वरण."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मला वाटलं, व्वा, म्हातारी खूश आहे.

पुढच्या महिन्यात बाजार भरला आणि आत्या आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आई त्या दिवशी दुपारपर्यंत जेवायची थांबायची. गल्लीत ऑटोचा आवाज आला की उठून दारात जायची. शेवटी मी चिडून म्हणालो, "येईल ना वाटलं तेव्हा. आपण काय तिला येऊ नको म्हटलं?"

"आता कायच्या नावानं येईन थे?" आई म्हणाली, आणि मग जे इतकी वर्षं बोलली नव्हती ते बोलली.

स्लॅब तर आत्याचा नवरा जायच्या आधीच भरून झाला होता. बाबांना पैशाची गरजच नव्हती. ते आत्याला दर महिन्याला काही देऊ म्हणाले, तेव्हा ती भडकली होती. भावाच्या दारात भीक मागायला येणार नाही, म्हणाली. बँकेत ठेवले तर जे व्याज मिळेल त्यात तिचं भागणार नव्हतं. म्हणून बाबांनी खोटंच सांगितलं की स्लॅबची उधारी अडली आहे, कुणी पैसे देत नाही, तू दे. तिचे दीड लाख बँकेत टाकले आणि वरचे पैसे आपल्या पगारातून घालून तिला शेकडा दोननं व्याज देत राहिले. पुढे बाबांच्या आजारपणात ते दीड लाखही संपले.

"तिले द्यायचं होतं म्हून घेतलं होतं त्यानं," आई म्हणाली. "तिलेबी ठाऊक असन. पण व्याज घ्यायले आली म्हनून आली, की मान वर राह्यते मानसाची."

ती आरोळी शेजाऱ्यांसाठी होती, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. भावाच्या घरी फुकट जेवायला नाही आले, माझं येणं आहे यांच्याकडे, हे ती सगळ्या गल्लीला ऐकवत होती. पाहुणी अन्नाला नावं ठेवत नाही. जिचं घरात काही आहे, तीच ठेवते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्या बाबतीत तेवढ्यावरही भागलं नाही. कॉलेजची थकबाकी आली नाही. सहा महिने संपले आणि कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू झालं, शेकडा साडेतीनच्या वर. आगीतून फुफाट्यात. पण खरं सांगतो, त्या पैशाचं मला तितकं वाटलं नाही. उलट मनात आलं, आता आपल्याला खरंच गरज आहे. आता आत्याकडे मागता येतील.

मी मोटरसायकल काढून तिच्या गावी गेलो. आत्या घरी नव्हती. लोकाच्या वावरात निंदायला गेली होती. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी ओट्यावर बसून राहिलो. ती आली, विळा ठेवला, हात धुतले आणि आधी चहा केला. इतक्या दिवसांत का आला नाहीस, असं काही म्हणाली नाही. ती तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, पैसे पाहिजेत," मी म्हणालो. "पहिल्यासारखेच. शेकडा दोननं."

"काहून? आता कायची अडचन आली?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, चेक, सहा महिने, थकबाकी. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"किती घेऊन राह्यले थे कार्डवाले?"

"शेकडा साडेतीन. थोडं वरच."

"अन् माहे दोन जड झालते तुले?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

"त्या कार्डवाल्याच्या घरी कोन आहे रे?" तिनं विचारलं. "कोनाचं चालते त्या व्याजावर?"

"माहीत नाही, आत्या."

"मंग?"

मी तिचा हात धरला. "चुकलं माझं. बाबांनी कशासाठी घेतले होते, मला ठाऊक नव्हतं. तू दे पैसे. अन् बाजाराला येत जा."

तिनं हात सोडवून घेतला, हळूच. "पैसे हायेत बँकीत. पन तुले नाई देत. आज देईन, उद्या दुसरा कोनी सस्त्यात देईन म्हनंन, तं तू मले पुन्हा आनून देशील. एक डाव झालं. पुन्हा नाई होत माह्याच्यानं."

मी मोटरसायकलपर्यंत गेलो. माझ्या मुलीसाठी तिनं शेंगांची पिशवी दिली, ती हँडलला अडकवली.

कार्डाचं कर्ज मी हप्ते पाडून फेडतोय, अजून थोडं बाकी आहे. आत्याच्या खात्यात मी दर महिन्याला काही पैसे टाकायचा प्रयत्न केला, तर तिनं ते काढून एका ओळखीच्या माणसाच्या हाती परत पाठवले, सोबत निरोप नाही.

दिवाळीनंतर आईनं स्वतः जाऊन तिला जेवायला बोलावून आणलं. आत्या आली, गल्लीत काही ओरडली नाही. नवं पातळ नेसली होती, येताना बिस्किटाचा पुडा आणला होता, पाहुणे आणतात तसा. आईनं ताटं वाढली. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. वरण इतकं खारट होतं की घशाखाली उतरेना. मुलीनं तोंड उघडलं, तोच आईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. आई कधी मीठ चुकत नाही. ती ताटासमोर बसून आत्याकडे बघत होती, मीही बघत होतो.

आत्यानं वरणभात कालवला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग पाणी प्यायली.

"चांगलं झालं वयनी, वरण," ती म्हणाली, आणि सगळं संपवलं.