चालू गाडी बंद पडते

माझी आत्या शहराबाहेरच्या वाडी गावात डॉक्टर होती. ट्रक आणि गोदामांच्या त्या वस्तीत तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता, आणि आसपासच्या खेड्यांतून बाळंतपणासाठी तिला बोलावणं यायचं. कित्येक वर्षं ती बसने, बैलबंडीने, कधी ट्रकच्या केबिनमध्ये बसून गेली. पन्नाशी उलटल्यावर मोटार चालवायला शिकली आणि नवी कोरी गाडी घेतली.

पंधरा दिवसांत ती गाडी अमरावती रोडवर बंद पडली. इंजिन तापलं की दोन आचके देऊन थांबायची, अर्ध्या तासाने निमूट सुरू व्हायची. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली की मात्र शहाण्यासारखी चालायची. तिथला मॅनेजर हसून म्हणाला, "मॅडम, तुमचा अजून हात बसला नाही."

आत्याने वाद घातला नाही. पण त्याने कागदावर 'साधी तपासणी' लिहिलं होतं, त्यावर सही करायला ती तयार होईना. "पेशंटले जे होते तेच मी लिहिते. चालू गाडी बंद पडते, असं लिहा." त्याने तोंड वाकडं करून लिहिलं. पुढे सहा वेळा गाडी तिथे गेली. पंप बदलला, कार्बोरेटर बदलला. दर कागदावर तेच चार शब्द.

मग एकदा अडलेल्या बाईला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेताना गाडी थांबली. एका ट्रकवाल्याने दोघींना पोचवलं म्हणून निभावलं. त्यानंतर आत्या माझ्याकडे आली. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. वॉरंटीचा कागद वाचून मी ऐटीत सांगितलं, "आत्या, खराब भाग बदलून देऊ, एवढंच आहे यात. गाडी बदलून देऊ असं कुठेच नाही."

"भाग बदलूनही दोष काहून जात नाही, हे कोणाले विचारायचं ते सांग वं."

ग्राहकांसाठीचा कायदा तेव्हा नवा होता आणि वकिलाशिवायही तक्रार करता येत होती. तिने ती स्वतःच्या हाताने लिहिली.

ग्राहक मंचापुढच्या सुनावणीत शोरूमचे वकील म्हणाले, बाईंना गाडी चालवता येत नाही. आत्या उभी राहिली. "मग यांच्याच ड्रायव्हरले चालवू द्या, साहेब. मी मागे बसते, म्हणाल तशी."

मंचाने इंजिनियरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक तपासणीला नेमले. एप्रिलच्या दुपारी आम्ही रामटेकच्या रस्त्याला लागलो. पुढे शोरूमचा ड्रायव्हर आणि प्राध्यापक, मागे आम्ही दोघी. कामठी गेलं. गाडी सुरेख चालत होती. माझा जीव टांगणीला. आत्या मात्र बाहेर बघत बसली होती. मनसरच्या अलीकडे दोन आचके बसले आणि गाडी थांबली.

प्राध्यापकांनी ड्रायव्हरला विचारलं, "तुमची काही चूक झाली?"

त्याने किल्ली फिरवून पाहिली; इंजिन लागलं नाही. त्याची भाकरी त्या शोरूमची होती. मग म्हणाला, "नाही सर. पंधरा वर्षं झाली, मी गाड्याच चालवून राहिलो. दोष गाडीतच आहे."

आत्याने आधी त्याला पाणी दिलं. "यानं तुह्या नोकरीवर तर नाही ना येणार गा?"

"पाहू, बाई," तो म्हणाला.

निकाल लागला: नवी गाडी द्या, नाहीतर पूर्ण किंमत परत करा. मी आनंदाने निघायला उठले, पण आत्या तिथेच उभी होती. "साहेब, अजून एक. ही गाडी दुरुस्त केल्याबिगर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नये, हेही लिहा. अन् ड्रायव्हर खरं बोलला म्हणून त्याले काढू नये."

मंचाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. दुसरी गोष्ट आपल्या हातात नाही, असं ते म्हणाले; पण शोरूमच्या वकिलांकडे वळून त्यांनी ती मोठ्याने पुन्हा सांगितली. पहिली टंकलेखकाला सांगून निकालात घातली.

पुढे मी तीस वर्षं वकिली केली. जिंकणारे खूप पाहिले. जिंकल्याच्या क्षणी आपल्यानंतरच्या गिऱ्हाइकाची काळजी करणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. निकालानंतर महिन्याभराने नवी गाडी घेऊन तोच ड्रायव्हर वाडीला आला, तेव्हा आत्या बाळंतपणात गुंतली होती. तो किल्ली हातात धरून तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला.