कबरीला दिलेलं दार

परवा सुतार नवं दार बसवून गेला. मापं मीच काढून दिली होती. काम वेळेत झालं, पण बाभळीच्या ताज्या फळीचा तुरट वास आला आणि वडिलांनी काढलेलं दार आठवलं.

निजामाच्या राज्यात अणदूरच्या आसपासच्या लाकूडतोड्यांनी गुत्तेदाराला, म्हणजे जंगलाच्या ठेकेदाराला, टाळून आपला संघ केला होता. कुणी वारलं की घरटी लाकूड द्यायचं, हा संघाचा नेम होता. चितेला ओंडके, कबरीला फळ्या. राज्य गेलं त्या धामधुमीत संघाचे म्होरके करीमचाचा मारले गेले. मुसलमानाच्या मयतीला गेलं तर आपल्यावरही येईल, या भीतीनं कुणीच फळी आणली नाही. तेव्हा वडिलांनी आमचं दार बिजागरीतून उचकटलं.

"अवो, असल्या दिवसांत दार काढता व्हय? घरात तरणी पोरगी हाय," आई म्हणाली.

"चाचांच्या अंगावर माती पडू द्यायची न्हाय," वडील म्हणाले.

ती पोरगी मी. मला वडिलांचा फार राग आला होता.

संघ पुन्हा कधी भरला नाही. आता डोळ्यांसमोर येते ती आई. वडील दार खांद्यावर घेऊन निघाले, तेव्हा त्यांची कुऱ्हाड मांडीवर घेऊन उघड्या चौकटीत बसलेली.